छातीचे डॉक्टर व्हायचंय? मग आयसीयूही आलाच

एमडी रेस्पिरेटरीला सीट मिळाली की घरच्यांना हायसं वाटतं. दिवसा ओपीडी, रात्री झोप, सर्जनसारखी धावपळ नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत कदाचित तसं जमतही असेल. तिथं ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) करणारा वेगळा, झोपेच्या तपासण्या बघणारा वेगळा आणि आयसीयूचा इन्टेन्सिव्हिस्ट तर साफच वेगळा. सोलापुरात मात्र ही कामं बहुतेक वेळा एकाच माणसाच्या अंगावर येतात. संध्याकाळी सातला ज्याने विडी कामगार बाईला दम्याचा पंप (इनहेलर) कसा ओढायचा ते शिकवलं, त्यालाच रात्री दोनला फवारणीचं औषध प्यायलेल्या पोराच्या तोंडातून श्वासनलिकेत ट्यूब घालायची असते. सिव्हिलला किंवा कुंभारीच्या मेडिकल कॉलेजला इंटर्नशिप करणाऱ्यांनी आणि एमडी संपवून इकडे परतायचा विचार असणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं, म्हणून हा लेख.

वर्षांचा हिशेब आधी उरकू. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक, एमडी तीन. पुढे नीट एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन डीएम किंवा डीआरएनबी ही सुपरस्पेशालिटीची पदवी करायची तर आणखी तीन. म्हणजे बारावीनंतर एकही वर्ष वाया न घालवता साडेअकरा वर्षं झाली. सरकारी कॉलेजांतून शिकलात तर सरकारी सेवेचा बाँड वेगळा. सुपरस्पेशालिटीच्या वाटा दोन. एक पल्मोनरी मेडिसिन, ज्यात काही संस्था क्रिटिकल केअर आणि स्लीपही जोडून शिकवतात. दुसरी निव्वळ क्रिटिकल केअर, जिथं मेडिसिन आणि ॲनेस्थेशियावालेही तुमच्याबरोबर रांगेत असतात. यांखेरीज इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचा एक वर्षाचा आयडीसीसीएम हा अभ्यासक्रम आहे. लहान शहरात परतणाऱ्या बऱ्याच जणांना तोच परवडतो.

माझं मत विचाराल तर, सोलापुरात बसायचं असेल आणि दोन्हींपैकी एकच जमणार असेल, तर एमडीनंतर आयसीयूचं शिक्षण आधी घ्या. ब्रॉन्कोस्कोपीचा हात काही महिन्यांच्या फेलोशिपमध्ये बसतो, पण व्हेंटिलेटरवरच्या रात्री कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळत नाहीत. सीट निवडताना हॉस्पिटलच्या नावाआधी तिथल्या रेसिडेंटला तीन गोष्टी विचारा. एका वेळी व्हेंटिलेटरवर किती पेशंट असतात? सेटिंग रेसिडेंट स्वतः ठरवतो की फोनवर विचारून? आणि मध्यरात्री एबीजी (धमनीच्या रक्तातले वायू मोजणारं) मशीन चालू असतं का? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून पहिल्या दोन उत्तरांची खरीखोटी कळते.

आता ओपीडी. सोलापुरातली छातीची ओपीडी म्हणजे अर्धी कामधंद्याची चौकशी. विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, साखर कारखान्याच्या यार्डातली माणसं, चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आज्या आणि जुन्या टीबीने फुप्फुसात खड्डे पाडून ठेवलेले पेशंट. ‘सिगारेट ओढता का?’ एवढं विचारून ‘नाही’वर समाधान मानलं की निदान चुकलंच. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतरच्या पहिल्याच पाळीला छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत ती सैल पडत जाते. हा त्रास मागापेक्षा पिंजणी आणि सूतकताईच्या खात्यात जास्त होतो, म्हणून ‘मिलमध्ये होतो’ एवढ्यावर थांबू नका, कोणत्या खात्यात होता ते विचारा. पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पीक फ्लो (हवा किती वेगाने बाहेर फुंकता येते ते) मोजायला सांगितला की काही दिवसांत चित्र स्पष्ट होतं.

उसाच्या चिपाडाचंही तसंच. ताजं चिपाड निरुपद्रवी असतं, पण ओलसर राहून बुरशी धरलेल्या ढिगात काम केलं की चार ते आठ तासांनी ताप, खोकला, दम. एक्स-रेवर बारीक ठिपके दिसतात आणि ते मिलियरी (फुप्फुसभर बारीक दाण्यांसारख्या पसरलेल्या) टीबीसारखे भासतात. इथंच घाईने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते. सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर गेलं की परत तेच, हा धागा फक्त विचारल्यावरच हाती लागतो. बिसिनोसिस आणि चिपाडाचा हा बगॅसोसिस, हे दोन्ही ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत. त्यामुळे केसपेपरवर कारखाना, खातं आणि वर्षं नीट लिहिलेली असली तर कामगाराला पुढे त्याचा उपयोग होतो. ज्यांचा ईएसआय कापलाच जात नाही, त्यांची पंचाईत मात्र कायम आहे.

स्पायरोमेट्री (फुंकायला लावून फुप्फुसातली हवा मोजणं) हे या शाखेचं रोजचं हत्यार आणि सगळ्यात वाईट वापरलं जाणारंही. सकाळी मशीन चालू केल्यावर तीन लिटरच्या सिरिंजने कॅलिब्रेशन करायचं. आकडा २.९१ ते ३.०९च्या बाहेर गेला तर पेशंट घ्यायचा नाही. पेशंट ताठ बसलेला, पाय जमिनीला टेकलेले, नाकाला चिमटा. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्यावी, ओठ चांगले मिटतात. पोटभर श्वास आत, मग एका दणक्यात बाहेर, आणि निदान सहा सेकंद फुंकतच राहायचं. असे तीन चांगले प्रयत्न हवेत आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. मग स्पेसरमधून (पंपाला जोडायचं नळकांडं) श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ, १५ मिनिटं थांबणं आणि पुन्हा तेच.

गडबड होते ती शेवटच्या सेकंदांत. म्हातारा माणूस तीन सेकंदांत थांबला की एकूण हवा कमी मोजली जाते. मग पहिल्या सेकंदातल्या हवेचं एकूण हवेशी गुणोत्तर खोटंच वाढतं आणि ०.७०च्या खाली जायला हवं होतं ते ०.७५ दिसतं. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असूनही कागदावर ‘नॉर्मल’. यावर उपाय म्हणजे ओरडणारा टेक्निशियन. इथं त्याला ‘फुंका, फुंका’बरोबर तेलुगूतलं ‘ऊदंडी, ऊदंडी’ही यावं लागतं, आणि अक्कलकोटपलीकडून आलेल्यांसाठी कन्नड ‘ऊदि’. आणखी एक पथ्य: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन उतरलेलं असेल तर आधी बेडक्याची तपासणी, मग फुंकणं. टीबीचा पेशंट बंद खोलीत जोरजोरात फुंकतोय, यासारखा धोका दुसरा नाही. फिल्टर दर पेशंटला नवा.

पंपाबद्दल एकच सांगतो. ‘पंप म्हणजे शेवटचा इलाज’ ही समजूत मोडायला पाच मिनिटं लागतात आणि ती द्यावीच लागतात. रोटाकॅप (पंपात घालून ओढायची कॅप्सूल) पाण्याबरोबर गिळणारे पेशंट आजही भेटतात. म्हणून दर भेटीला ‘औषध घेता का?’ असं न विचारता ‘घेऊन दाखवा’ म्हणायचं. कॅप्सूल फुटली का, श्वास जोरात ओढला का, दहा सेकंद रोखला का, शेवटी चूळ भरली का, एवढं समोर बघायचं. निम्म्या वेळा औषध बदलायची गरजच उरत नाही.

आता आयसीयू. तालुक्यावरून येणाऱ्या सीओपीडीच्या पेशंटची एक ठरलेली गोष्ट आहे. निघताना सॅच्युरेशन ८२ होतं, मास्कवर दहा लिटर ऑक्सिजन लावला, वाटेत ९९ झालं म्हणून सगळे खूश, आणि सोलापुरात पोचेपर्यंत पेशंट गुंगीत. ऑक्सिजन वाढला तसा कार्बन डायऑक्साइडही साठत गेला. अशा पेशंटचं लक्ष्य ८८ ते ९२. नाकातल्या नळीने एक-दोन लिटर किंवा ऑक्सिजनचं प्रमाण ठरवून देणारा व्हेंचुरी मास्क. नेब्युलायझर ऑक्सिजनवर चालवला तर तोही सहा-आठ लिटर ऑक्सिजनच असतो, हे विसरलं जातं. तो हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवा. एबीजीत पीएच ७.३५च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५च्या वर असेल तर बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वास देणारं मशीन). श्वास घेतानाचा दाब (आयपॅप) १०, सोडतानाचा (ईपॅप) ४-५ने सुरुवात, मग पेशंटला झेपेल तसा आयपॅप वाढवत न्यायचा आणि तासाभराने पुन्हा एबीजी. तासाभरात पीएच हलला नाही तर मास्कची गळती बघा. दात नसलेली गालफडं आणि भरघोस मिशा हे दोन नेहमीचे गुन्हेगार. तेही ठीक असेल तर ट्यूबची तयारी ठेवा. मास्कचा पट्टा आणखी आवळणं हा उपाय नाही, त्याने नाकाच्या हाडावर जखम होते आणि पेशंट मास्क भिरकावून देतो.

व्हेंटिलेटरवर घेतल्यावर पहिलं हत्यार म्हणजे शिंप्याची टेप. टायडल व्हॉल्यूम (दर श्वासाला द्यायची हवा) वजनावर नाही, उंचीवर ठरतो, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. बाईसाठी सूत्र ४५.५ + ०.९१ × (सेंटिमीटरमधली उंची − १५२.४), पुरुषासाठी ४५.५च्या जागी ५०. उंची १५० सेंमी, वजन ७० किलो अशी बाई घ्या. सूत्राने तिचं वजन येतं ४३.३ किलो, म्हणजे किलोला सहा मिलीच्या हिशेबाने २६० मिली. खरं वजन धरलं असतं तर ४२० मिली दिले गेले असते, सूत्राच्या वजनाच्या हिशेबाने किलोला जवळजवळ दहा मिली. २००० साली आलेल्या एआरडीएस (फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घसरण्याचा गंभीर आजार) नेटवर्कच्या अभ्यासात किलोला १२ऐवजी ६ मिली दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं होतं. त्यासाठी नवं औषध लागलं नाही, महागडं यंत्रही नाही. त्यामुळे केसपेपरवर ‘उंची’चा रकाना कोरा दिसला की मला राग येतो. प्लॅटो प्रेशर (हवा क्षणभर रोखून मोजलेला फुप्फुसातला दाब) ३०च्या आत आहे ना हेही दर पाळीला बघायचं. त्यासाठी पेशंट स्वतः श्वास ओढत नसताना अर्धा सेकंद होल्ड लागतो. नुसता पीक प्रेशर वाचून लिहू नये.

आणि अलार्म. सॅच्युरेशन पडतंय आणि प्रेशरचा अलार्म किंचाळतोय, अशा वेळी मशीनची बटणं दाबत बसायचं नाही. मशीन काढा, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावा. बॅग सहज दाबली जातेय आणि सॅच्युरेशन चढतंय, तर दोष मशीनचा किंवा नळ्यांचा. बॅग कडक लागतेय, तर सक्शनची नळी ट्यूबमध्ये घाला. ती जात नसेल तर पेशंटने ट्यूब चावलीय किंवा ती वाळलेल्या कफाने बंद झालीय. ह्युमिडिफायरमधलं पाणी संपलेलं असलं की हे हमखास होतं. नळी जातेय तर स्टेथो लावा. एका बाजूला आवाज नसेल तर आधी ओठांपाशी ट्यूबचा आकडा बघा. बाईला साधारण २१, पुरुषाला २३. आकडा पुढे गेला असेल तर ट्यूब उजव्या बाजूला सरकलीय. आकडा जागेवर आहे आणि बीपीही कोसळतंय, तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) समजून सुई घाला, एक्स-रेची वाट बघू नका.

विषबाधेचा पेशंट हा आमच्याकडचा आयसीयूचा खरा पेपर. ऑर्गॅनोफॉस्फरसमध्ये (फवारणीच्या औषधातलं विष) माणूस मरतो तो छातीत भरलेल्या पाण्याने आणि लुळ्या पडलेल्या स्नायूंनी. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, धुणाऱ्याच्या हातात ग्लोव्हज हवेत. यावरचा उतारा असलेल्या ॲट्रोपिनची ॲम्प्यूल ०.६ मिग्रॅची असते. सुरुवात तीन ते पाच ॲम्प्यूलने, म्हणजे १.८ ते ३ मिग्रॅ. पाच मिनिटांनी छाती ऐका. घरघर कमी नसेल तर डोस दुप्पट, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. ३, ६, १२ असं गेलं तर २१ मिग्रॅ, म्हणजे ३५ ॲम्प्यूल. नवी सिस्टर हा आकडा ऐकून दचकते, तेव्हा दोघींना फक्त ॲम्प्यूल फोडायलाच बसवा. थांबायचं कधी? छाती कोरडी, काख कोरडी, नाडी ८०च्या वर, वरचं बीपी ८०च्या वर. मग लागलेल्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. २१ मिग्रॅ लागले असतील तर तासाला २.१ ते ४.२ मिग्रॅ.

चुका दोन बाजूंनी होतात. नाडी १२० आहे म्हणून ॲट्रोपिन रोखतात आणि पेशंट स्वतःच्याच पाण्यात बुडतो. किंवा बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत देत सुटतात, मग ताप, बडबड, फुगलेलं मुकं पोट. तेव्हा ड्रिप थोडा वेळ बंद करून कमी वेगाने परत सुरू करायची. एका बाजूला खाली राहिलेली कुरकुर बहुधा उलटी फुप्फुसात गेल्याची असते, ती ॲट्रोपिनने जाणार नाही. ट्यूब घालताना सक्सिनिलकोलिन (स्नायू सैल करणारं औषध) टाळा, या विषात त्याचा असर फार लांबतो. आणि सगळ्यात फसवा तो दुसरा-तिसरा दिवस. पेशंट जागा, चहा मागतोय, नातेवाईक वॉर्डात हलवा म्हणतायत. अशा वेळी त्याला उशीवरून मान उचलायला सांगा. मान उचलली जात नसेल तर इंटरमीडिएट सिंड्रोम (विषाने उशिरा लुळे पडणारे स्नायू) सुरू झालाय, आणि काही तासांत श्वास थकू शकतो. पहिल्या दिवसापासून चौथ्यापर्यंत दर पाळीला मान उचलून बघणं हे नर्सिंग चार्टवर छापूनच ठेवावं.

मण्यार चावलेल्या पेशंटबद्दल एवढंच, की जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड आणि चावल्याची खूण नाही, हे दिसलं की ओळखावं. दहा व्हायल एएसव्ही (सर्पविषाचा उतारा) आणि वेळेवर ट्यूब. असा पेशंट काही दिवस डोळाही हलवू शकत नाही, बाहुल्याही ताठर असू शकतात, पण त्याला सगळं ऐकू येत असतं. त्याच्या पलंगापाशी ‘काही खरं नाही’ म्हणणाऱ्याला बाहेर काढा.

ब्रॉन्कोस्कोपबद्दल: विकत घेणं एकवेळ सोपं, तो सांभाळणं अवघड. प्रत्येक वापरानंतर आधी लीक टेस्ट, मगच पाण्यात. फट असलेला स्कोप द्रावणात बुडवला की आत पाणी जातं आणि दुरुस्तीचं बिल लाखांत येतं. एन्झाइमच्या द्रावणाने आणि ब्रशने चॅनेल साफ, मग २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये २० मिनिटं. शेवटची धुलाई निर्जंतुक पाण्याने, नंतर ७० टक्के अल्कोहोल, आणि स्कोप उभा टांगून वाळवायचा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात टाकीच्या पाण्याने धुतलात, तर त्यातले टीबीच्या जातकुळीतले जंतू स्लाइडवर दिसतील आणि टीबी नसलेल्याला एकेटी सुरू होईल. लहान मुलाच्या श्वासनलिकेत गेलेला शेंगदाणा हा मात्र वेगळा विषय. आपल्याकडे घरोघरी शेंगा, त्यामुळे तो प्रसंग येणारच. साध्या एक्स-रेत दाणा दिसत नाही, फिल्म नॉर्मलही असू शकते. खाताना ठसका लागला होता आणि त्यानंतर एकाच बाजूची घरघर आहे, एवढी हकीकत पुरेशी. दाणा फुगतो आणि त्याच्या तेलाने सूज चढते, म्हणून सकाळवर ढकलायचं नाही. काढायचा तो रिजिड (ताठ नळीच्या) स्कोपने, भूल देणारा आणि कान-नाक-घसावाला सोबत घेऊन.

पुण्याला पेशंट हलवायचा तर ऑक्सिजनचं गणित स्वतः करा, ड्रायव्हरवर सोडू नका. अंतर सुमारे २५० किलोमीटर, पाच तास धरा. मिनिटाला १० लिटर लागत असेल तर ३०० मिनिटांना ३००० लिटर, आणि टेंभुर्णी-इंदापूरजवळ ट्रॅफिक लागेल म्हणून दुप्पट. जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर असतात, छोट्या बी टाइपमध्ये १५००. म्हणजे एक जंबो किंवा चार छोटे, आणि पाना सोबत. हाय फ्लो मशीनवर ६० लिटर आणि शंभर टक्के ऑक्सिजन असेल तर जंबोही दोन तास पुरत नाही. तो पेशंट तसाच गाडीत घालू नये, आधी ट्यूब घालून स्थिर करावा.

कागदपत्रांचं काम नको म्हणणाऱ्यांनी ही शाखा घेऊ नये. महात्मा फुले योजनेत व्हेंटिलेटरचा पेशंट घालायचा तर एबीजीची पट्टी, एक्स-रे आणि तारीख-वेळेची नोंद जुळावी लागते. पट्टीची शाई उन्हाळ्यात उडून जाते, लगेच फोटो काढून आरोग्यमित्राकडे द्या. ब्रेन डेथचा प्रश्न आला की ॲपनिया टेस्टसाठी (व्हेंटिलेटरशिवाय श्वास येतो का ते बघायला) तुम्हालाच बोलावतील. तपासण्या दोनदा, किमान सहा तासांच्या अंतराने. कार्बन डायऑक्साइड ६०च्या वर गेला आणि श्वास आला नाही, तर पुढचा फोन पुण्याच्या झेडटीसीसीला, म्हणजे अवयवदानाच्या समन्वय केंद्राला. उपचार थांबवण्याच्या निर्णयाची कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घालून दिली आणि २०२३ साली सोपी केली. प्रत्येकी तीन डॉक्टरांची दोन मंडळं लागतात. ही पद्धत माहीत नसल्यामुळे नातेवाइकांना ‘सही करून घरी न्या’ सांगितलं जातं, आणि ऑक्सिजनशिवाय रिक्षातून गेलेल्या त्या माणसाचे शेवटचे तास हाल होऊन जातात. हे हाल कमी करणारं मॉर्फिन लिहायची भीती आधी तुमची स्वतःची जायला हवी.

शेवटी वेळापत्रक. आयसीयू एकट्याने चालवायला घेऊ नका. ॲनेस्थेशिया किंवा मेडिसिनमधला जोडीदार शोधा, रात्री एकाआड एक वाटून घ्या, आणि पाळी बदलताना फोनवरच्या गप्पांऐवजी एक पान भरा: उंची आणि टायडल व्हॉल्यूम, शेवटचा एबीजी, ट्यूबचा आकडा, सेडेशन (गुंगीचं औषध) कधी थांबवून बघितलं, कोणती लाइन कितव्या दिवसाची, अँटिबायोटिकचा कितवा दिवस, आणि नातेवाइकांपैकी कोणाशी काय बोलणं झालं. हा शेवटचा रकाना सगळ्यात आधी कोरा राहायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी भांडणही त्यावरूनच होतं.